रक्त पातळ करणारी गोळी आणि हातांवरचे जांभळे डाग

वाचक भगिनींचे पत्र :

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवला, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे निदान झाले आणि अ‍ॅपिक्साबॅनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. गेले वर्षभर त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, जांभळे डाग उठत आहेत. कुठे लागले हे त्यांना आठवतही नाही. मागच्या आठवड्यात पलंगाच्या कडेला हात घासला आणि पापुद्र्यासारखी कातडी सोलून निघाली. अर्धा तास रक्त थांबेना. आम्ही हळद दाबली, वर चिकटपट्टी लावली आणि ती काढताना आणखी कातडी गेली. तेव्हापासून सासूबाईंनी दोन्ही गोळ्या सोडल्या आहेत. नणंदबाईंचेही मत तेच आहे. शेजारच्या बायका ते डाग पाहून माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात. गोळ्या बंद करणे योग्य आहे का? हे रक्ताच्या आजाराचे लक्षण असेल का? आणि पुन्हा असे झाले तर घरी काय करावे?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला उशीर परवडणारा नाही, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. अ‍ॅपिक्साबॅन अशी आपल्या मनाने बंद ठेवू नये. हे वाचाल त्याच दिवशी, ज्यांनी ती गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांना फोन करा, गोळी किती दिवस चुकली आहे ते नेमके सांगा आणि ती कधीपासून सुरू करायची ते विचारा. जखमेतून आता रक्त येत नसेल आणि खाली सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही नसेल, तर बहुतेक डॉक्टर त्याच दिवसापासून गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून जास्तीच्या गोळ्या मात्र कधीही देऊ नयेत. अ‍ॅस्पिरिनचा विषय थोडा वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो.

इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे. हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले की वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, आणि डाव्या वरच्या कप्प्याला जी लहानशी पिशवी असते तिच्यात रक्त साचून राहून त्याची गुठळी होऊ शकते. ही गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अशा रुग्णांमध्ये पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो, वयाबरोबर तो वाढत जातो, आणि अशा गुठळीमुळे होणारा पक्षाघात बहुधा मोठा असतो. रक्त पातळ करणारी औषधे नियमित घेतल्यास हा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो. अ‍ॅपिक्साबॅनचा परिणाम शरीरात फार काळ टिकत नाही. शेवटच्या गोळीनंतर एक-दोन दिवसांत तिचे संरक्षण जवळजवळ संपते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधाच्या माहितीपत्रकावर, ते मध्येच बंद केल्यास गुठळीचा धोका वाढतो, असा इशारा ठळक चौकटीत छापायला लावला आहे. हातावरचा डाग घरातल्या सगळ्यांना रोज दिसतो, पण गोळीमुळे टळलेला पक्षाघात कोणालाच दिसत नाही, त्यामुळे गोळी सोडावीशी वाटणे हे मी समजू शकतो. माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबे याच विचाराने गोळी बंद करतात. तरीही हातांवरच्या डागांसाठी तुमच्या सासूबाईंनी मेंदूचा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता डागांविषयी. उतारवयात हातांच्या मागच्या बाजूला आणि कोपराच्या खालच्या भागावर, फारसे न लागता उठणाऱ्या या जांभळ्या चट्ट्यांचे वर्णन ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञ थॉमस बेटमन यांनी १८१८ मध्ये करून ठेवले आहे. त्या काळी अ‍ॅस्पिरिनही नव्हते आणि रक्त पातळ करणारी आजची कोणतीच गोळी नव्हती. म्हणजे या डागांचे मूळ गोळीपेक्षा त्वचेत अधिक आहे. वय वाढते तशी त्वचा पातळ होते, तिच्यातील कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) कमी होते, खालची चरबी झिजते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आजूबाजूचा आधार उरत नाही. वर्षानुवर्षे ऊन लागलेल्या भागावर ही झीज सर्वांत जास्त होते, म्हणून शेतात राबलेल्या बायकांच्या उघड्या हातांवर हे डाग जास्त दिसतात आणि पदराआड राहिलेल्या पोटापाठीवर सहसा दिसत नाहीत. अशा त्वचेवर नुसता घसटा लागला तरी एखादी बारीक वाहिनी फुटते. जे रक्त एरवी चटकन गोठले असते ते गोळीमुळे थोडा जास्त वेळ झिरपते आणि डाग मोठा होतो.

तुमच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. तरुण माणसाला मुका मार लागला की निळा डाग पुढे हिरवट, मग पिवळा होत जातो, पण सासूबाईंचा डाग तसे रंग न बदलता एक ते तीन आठवडे जांभळाच राहतो आणि मागे तपकिरी छटा सोडतो. सांडलेले रक्त उचलून नेण्याचे त्वचेचे काम वयानुसार मंदावते, त्यामुळे असे होते. डाग लवकर जावा म्हणून तो चोळणे, शेकणे किंवा त्याला मालीश करणे यांनी नुकसानच होते. जिनिव्हाच्या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी २००७ मध्ये त्वचेच्या या अवस्थेला ‘डर्माटोपोरोसिस’ असे नाव दिले. हाडांच्या ठिसूळपणाकडे जसे आपण आजार म्हणून पाहतो, तसेच त्वचेच्या या नाजूकपणाकडे पाहावे, हा त्यामागचा विचार होता आणि तो मला फार योग्य वाटतो. ‘म्हातारपण आहे, चालायचेच’ असे म्हणून हा प्रश्न सोडून दिल्यामुळेच पुढे कातडी सोलण्यापर्यंत वेळ येते.

हे डाग रक्ताच्या आजाराचे असतील का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. डाग फक्त हातांवरच असतील, सासूबाईंची तब्येत एरवी ठीक असेल आणि हिरड्या, नाक, लघवी किंवा शौच यांतून रक्त जात नसेल, तर तशी शक्यता कमी आहे. तरीही एकदा रक्ताची साधी तपासणी करून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटची (रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशींची) संख्या पाहावी आणि सोबत यकृताची व मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. पायांवर टाचणीच्या टोकाएवढे असंख्य लाल ठिपके उठले, हाताला उंचवट्यासारखे लागणारे डाग आले किंवा छाती, पोट, पाठ अशा ठिकाणी कारणाशिवाय मोठे काळे-निळे चट्टे दिसू लागले, तर मात्र ते त्वचेच्या झिजेवर ढकलू नयेत.

मूत्रपिंडाची तपासणी सांगण्यामागे आणखी एक हेतू आहे. गोळी सुरू झाली तेव्हा सासूबाई ७८ वर्षांच्या होत्या, आता त्या ८१ च्या आहेत. ठोक्यांच्या या विकारात अ‍ॅपिक्साबॅनची मात्रा ठरवताना तीन गोष्टी पाहतात : वय ८० किंवा त्याहून जास्त, वजन ६० किलो किंवा त्याहून कमी आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) दर डेसिलिटरला १.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. यांपैकी दोन लागू असतील तर ५ ऐवजी २.५ मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा देतात. वयाची अट सासूबाईंनी मधल्या काळात ओलांडली आहे, म्हणून त्यांचे वजन करून आणि क्रिएटिनिनचा ताजा अहवाल घेऊन मात्रा पुन्हा तपासून घेणे आवश्यक आहे. परंतु डाग दिसतात म्हणून घरीच गोळीचे दोन तुकडे करून देऊ नयेत. गरजेपेक्षा कमी मात्रा दिली की संरक्षण अपुरे पडते आणि घरच्यांना मात्र औषध चालू असल्याचे समाधान वाटत राहते.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे या वयात दोन औषधे एकत्र चालू असणे. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटना चिकटण्यापासून रोखते आणि अ‍ॅपिक्साबॅन गोठण्याच्या साखळीतील एका घटकाला अडवते. दोन्ही मिळून रक्तस्राव नुसत्या एका औषधापेक्षा बराच वाढतो, आणि तो फक्त त्वचेतच नाही तर जठरातही वाढतो. स्टेंट बसवल्यानंतर सुरुवातीच्या काळात दोन्हींची गरज असते. परंतु स्टेंटला एक वर्षाहून अधिक काळ होऊन गेला असेल, छातीत दुखत नसेल आणि हृदयविकार स्थिर असेल, तर अनियमित ठोक्यांच्या रुग्णाला बहुधा रक्त पातळ करणारी एकच गोळी पुरते. जपानमध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अफायर’ या अभ्यासात एका गटाला नुसते रिव्हारोक्साबॅन (अ‍ॅपिक्साबॅनच्याच जातीचे औषध) दिले होते आणि दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला प्लेटलेटविरोधी औषध दिले होते. दोन औषधांच्या गटात रक्तस्राव जास्त झाला, मृत्यूही जास्त झाले आणि त्यामुळे तो अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. सासूबाईंच्या स्टेंटला सहा वर्षे झाली आहेत. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञांना थेट विचारा, ‘आता अ‍ॅस्पिरिनची गरज उरली आहे का?’ स्टेंट कोणत्या धमनीत आहे, किती आहेत, नंतर काही त्रास झाला का, हे पाहून निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे. मात्र हा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांनी विचारला नाही तर जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालत राहते, असा माझा अनुभव आहे.

याच ओघात घरातला औषधांचा डबा एकदा टेबलावर रिकामा करा. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी त्यात सापडली, तर ती बाजूला काढा. ती प्लेटलेटचे काम मंदावते, पोटात रक्तस्राव करते आणि मूत्रपिंडावरही ताण आणते. दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित आहे. खाजेसाठी कुठले मलम लावले जाते ते पाहा. त्याच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे, आणि महिनोन्‌महिने लावल्यास ते आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ करते. दम्याच्या पंपातील किंवा गोळीतील स्टेरॉइडनेही तेच होते, पण ती औषधे गरजेची असतात, म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र दूरच राहावे, कारण त्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. लसूण, जिंको किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा. स्वयंपाकातील लसूण आणि हळद यांची काळजी करण्याचे कारण नाही.

ज्या वाचकांच्या घरी वॉर्फरिन किंवा असिनोकोमारॉल हे रक्त पातळ करणारे जुने औषध चालू आहे, त्यांना हे लागू आहेच, शिवाय त्यांनी डाग वाढले की आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) तपासून घ्यावा. अनियमित ठोक्यांसाठी तो सहसा २ ते ३ यांच्या दरम्यान ठेवतात; कृत्रिम झडप असेल तर लक्ष्य वेगळे आणि अनेकदा वरचे असते. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल अशा औषधांच्या चार दिवसांच्या कोर्सनेही आयएनआर एकदम चढू शकतो. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करण्याची गरज नाही, रोजच्या खाण्यात त्यांचे प्रमाण साधारण सारखे राहिले की पुरे. तुमच्या सासूबाईंच्या गोळीला पालेभाजीचे हे पथ्य नाही.

आता कातडी सोलली तर काय करावे ते सविस्तर सांगतो, कारण असे पुन्हा होण्याची शक्यता आहे. सासूबाईंना बसवा आणि हात छातीपेक्षा उंच धरा. स्वच्छ सुती कापडाची घडी किंवा गॉझ जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि घड्याळ लावून पूर्ण पंधरा मिनिटे दाबून ठेवा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी मध्येच कापड उचलले की नुकतीच धरू लागलेली गुठळी निघते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. अर्धा तास रक्त थांबत नाही असे सांगणाऱ्या बऱ्याच घरांत सलग दाब पाच मिनिटेही दिलेला नसतो. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवा. पंधरा मिनिटांनी रक्त येतच असेल तर आणखी पंधरा मिनिटे दाबा, आणि तरीही थांबले नाही तर दाब तसाच ठेवून दवाखान्यात न्या.

रक्त थांबल्यावर जखम सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. कातडीचा पापुद्रा कापू नका आणि ओढू नका. ओलसर गॉझने किंवा ओल्या, स्वच्छ बोटाने तो हळुवारपणे मूळ जागी पसरवा, कारण जिवंत राहिला तर तोच त्या जखमेचे सर्वांत चांगले आवरण ठरतो. त्यावर पॅराफिन लावलेला जाळीचा गॉझ ठेवा. तो मेडिकलमध्ये मिळतो आणि जखमेला चिकटत नाही. वरून साधा गॉझ ठेवून रोलची पट्टी सैलसर गुंडाळा आणि पट्टीचे टोक पट्टीलाच चिकटवा, त्वचेला नाही. पापुद्रा कोणत्या दिशेने पसरवला आहे तिकडे पट्टीवर पेनाने बाण काढून ठेवा, म्हणजे बदलताना त्याच दिशेने उलगडता येईल आणि पापुद्रा उलटा ओढला जाणार नाही. हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यांनी जखमेत घाण राहते, जंतुसंसर्ग होतो आणि डॉक्टरांना खालची त्वचा दिसत नाही. तुम्ही हळद दाबलीत ती घाबरून आणि काळजीपोटी, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. आताची जखम मात्र एकदा दाखवून या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारून घ्या. त्या वेळी किंवा रक्त तपासायला दिल्यानंतर सुईच्या जागेवर पाच मिनिटे बोटाने दाबून ठेवावे, कोपर दुमडून ठेवू नये.

जखम होऊच नये यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्वचा ओलसर ठेवणे. ऑस्ट्रेलियातील वृद्धांच्या निवासी केंद्रांत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातापायांना दिवसातून दोनदा साधे मॉइश्चरायझर लावल्याने कातडी सोलण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. बिनवासाचे कोणतेही चांगले क्रीम किंवा पेट्रोलियम जेली चालेल. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओली असतानाच, केसांच्या दिशेने, न रगडता लावा. कडक साबण, कढत पाणी, उटण्याने किंवा खरखरीत घासणीने हातपाय घासणे टाळा. लांब बाह्यांचा सुती ब्लाउज घालायला द्या आणि बाहेर पडताना हात उन्हापासून झाका. जुना सुती मोजा पंजाकडून कापला तर कोपरापर्यंत चढवायला छान बाही होते. पलंगाच्या, चौरंगाच्या आणि कपाटाच्या कडांना फोम लावा, रात्री बाथरूमपर्यंत मंद दिवा ठेवा. त्यांची नखे बारीक ठेवा आणि त्यांना उठवणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या माणसाचीही. उठवताना हाताला धरून ओढू नका, पाठीमागून आणि काखेखालून आधार द्या. काचेच्या बांगड्यांचा विषय नाजूक आहे. बांगडी फुटली की या त्वचेत खोल जखम होते, हे खरे. पण त्या काढा म्हटले की अनेक आजी दुखावतात. गुळगुळीत कडेच्या धातूच्या दोन बांगड्या, त्याही सुती बाहीच्या वर, असा मार्ग बहुतेकींना पटतो.

जेवणाकडेही पाहा. दात नाहीत म्हणून फळे, कच्च्या भाज्या, डाळ कमी होत गेली असेल, तर प्रथिने आणि क जीवनसत्त्व कमी पडते आणि त्वचा आणखी दुबळी होते. मऊ शिजवलेली डाळ, दही, अंडे चालत असल्यास अंडे, पिकलेला पेरू गाळून किंवा आवळा किसून, यांतले जे जाईल ते रोज द्या.

काही खुणा दिसल्या तर मात्र डागांची चर्चा करत बसू नये, लगेच रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागला असेल तर वरून काहीही दिसत नसले आणि त्या नीट बोलत असल्या तरी तपासून घ्यावे, कारण ही गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकते आणि अनेकदा सीटी स्कॅनशिवाय ते कळत नाही. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, दाबूनही न थांबणारा नाकाचा घोळणा, अचानक आलेला अशक्तपणा किंवा चक्कर, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास वाट पाहू नये. नडगीवर आपटल्यानंतर तिथे ताणलेली, दुखरी, तासागणिक वाढणारी सूज आली तर तीही तातडीची बाब समजावी. आत साचलेल्या रक्ताच्या दाबाने वरची त्वचा मरू शकते आणि वेळेत रक्त काढून टाकले तर ती वाचते.

शेजाऱ्यांच्या नजरेने तुम्हाला किती त्रास होत असेल याची मला कल्पना आहे. ज्या सुनेने रोज हातपाय धुऊन दिले तिलाच संशयाने पाहिले जावे, हे दुःखाचे आहे. पुढच्या वेळी सासूबाईंना दवाखान्यात नेताना नणंदबाईंना बरोबर घेऊन जा आणि डागांचे कारण डॉक्टरांच्या तोंडून दोघींनाही ऐकू द्या. सासूबाईंशी बोलताना ‘गोळी घ्यायलाच हवी’ असे न सांगता त्यांना नेमकी भीती कशाची वाटते ते विचारा. त्या रक्त पाहून घाबरल्या आहेत. रक्त कसे थांबवायचे हे घरात सर्वांना येते, असे त्यांच्या डोळ्यांसमोर एकदा करून दाखवले तर गोळीला असलेला विरोध बराच मावळेल, असे मला वाटते.

त्या भेटीला जाताना सगळ्या गोळ्या, मलमे आणि कॅप्सूल एका पिशवीत घालून न्या, स्टेंटचे जुने कागद न्या, आदल्या दिवशी वजन करून लिहून ठेवा आणि हातांवरच्या डागांचे दोन-तीन फोटो मोबाइलमध्ये असू द्या. जाईपर्यंत थांबू नका, फोन मात्र आजच करा.